लोहगावचा टॉवर कोणाचा?

पुण्याच्या विमानांना उशीर झाला की विमानतळ प्राधिकरणाच्या नियंत्रण टॉवरला दोष द्यावा, असं काही जण म्हणतात. पण लोहगावचा, म्हणजे पुणे विमानतळाचा टॉवर प्राधिकरणाचा नाहीच. धावपट्टी आणि एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) दोन्ही हवाई दलाकडे आहेत. प्राधिकरण फक्त प्रवासी टर्मिनलचा भाग सांभाळतं. गोव्यात दाबोळी विमानतळावर एटीसीचं काम नौदल करतं, तिथल्याच मोपा विमानतळावर मात्र प्राधिकरणाचे नियंत्रक आहेत. मुंबईतही प्राधिकरणच.

विमान लोहगावहून उडून वर गेलं की वैमानिक मुंबईच्या एरिया कंट्रोलशी, म्हणजे वरच्या मार्गांवरची विमानं सांभाळणाऱ्या नागरी नियंत्रकांशी बोलू लागतो. म्हणजे एकाच उड्डाणात लष्करी नियंत्रकाकडून नागरी नियंत्रकाकडे ताबा जातो. या दोघांतला समन्वय मला टॉवर कोणाचा यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो.

१२ नोव्हेंबर १९९६ची, हरियाणातल्या चरखी दादरीवरची दोन विमानांची हवेतली टक्कर आठवा. सौदीचं विमान दिल्लीहून वर चढत होतं, कझाकस्तानचं उतरत होतं. ३४९ माणसं गेली. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली आलं, हे मुख्य कारण. पण दिल्लीभोवतीचं बरंचसं आकाश हवाई दलासाठी राखीव असल्यानं येणारी-जाणारी विमानं एकाच मार्गिकेतून जायची, हेही विसरता येत नाही. नंतर ते मार्ग वेगळे केले.

सरावासाठी राखीव आकाश हवाई दलाला लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. सराव नसेल तेव्हा ते नागरी विमानांना खुलं करायची लवचिक पद्धत आपल्याकडे आता आहे. ती आणखी नेटानं राबवावी, एवढंच मागणं आहे.