टेरेसचं काम, ६६ हजारांचा दंड आणि सेक्रेटरींचा अंगठा

सेक्रेटरी: टेरेसची गळती थांबवायचं काम दिलेल्या कंत्राटदाराचा व्हॉइस मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय. म्हणतोय पावसामुळे काम अशक्य झालं, करार आपोआप रद्द. करून हवं असेल तर रेट २० टक्के वाढवा आणि दुसरा हप्ता आधी द्या, नाहीतर माणसं पाठवत नाही.

शिंदे वहिनी (ए-४०२): आमच्या बेडरूममध्ये बादल्या लावल्यात. रद्द म्हणे!

सचिन (बी-१०४): हाकला की त्याला. उशिराला रोज १००० दंड लिहिलाय. मुदत १५ मे, आज २० जुलै. ६६ दिवस, ६६ हजार. अनामतीतून कापा.

वकील काका (ए-२०१): सचिन, जरा दमानं. टेरेस रिकामी करून देणं आपल्याकडे होतं, १ एप्रिलला. आधी आपण, मग तो. असा क्रम ठरलेला असला की पहिल्यानं आपलं केल्याशिवाय दुसऱ्याला बोल लावता येत नाही. १८७२ च्या करार कायद्याची कलमं ५२ आणि ५४ बघ. रिकामी कधी झाली?

सेक्रेटरी: २८ एप्रिल. टेरेसवरचे सोलर हीटर काढा म्हणून सोलरवाल्यांना मेसेज करून करून थकलो.

बी-३०३: आम्हाला प्लंबर मिळत नव्हता. उगाच आमचं नाव नको.

सेक्रेटरी: नाव कुठं घेतलं?

वकील काका: राहू दे ते. करारात त्याला कामाला दिलेले ४५ दिवस २८ एप्रिलपासून धरले तर ११ जूनला संपतात. उशीर ३९ दिवसांचा. आणि ३९ हजार हीसुद्धा वरची मर्यादा. करारात आकडा आहे म्हणून तेवढा हातात पडत नाही, त्याच्या आत वाजवी भरपाई मिळते (कलम ७४).

शिंदे वहिनी: पण काका, पाऊस हे कारण चालतं का? २०१९ च्या पुरात माझ्या भावाचं सांगलीच्या गावभागातलं दुकान पाण्यात होतं, तेव्हा फर्निचरवाल्यानंही हेच सांगितलं होतं.

वकील काका: तिथं जागाच पाण्याखाली होती. तरी पाणी उतरल्यावर काम झालंच असेल ना? कलम ५६ ला काम अशक्य व्हावं लागतं, नुसतं महाग किंवा अडचणीचं होऊन भागत नाही. सुप्रीम कोर्टाचा १९५४ चा सत्यव्रत घोष खटला आहे. महायुद्धात सरकारनं कलकत्त्याकडची जमीन ताब्यात घेतली आणि प्लॉट विकणारी कंपनी म्हणाली, करार संपला. कोर्टानं मानलं नाही. ताबा तात्पुरता होता आणि करार युद्ध चालू असतानाच झालेला. इथं तर जूनमध्ये पाऊस येतो हे शेंबडं पोरही सांगेल. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला लागलं तरी विश्रामबागेतली आपली टेरेस बुडत नाही. शिवाय २० मेपासून त्याची माणसं मिरजेच्या साइटवर होती, तेव्हा कुठला पाऊस?

खजिनदार: तो म्हणतो हप्ता अडवून करार आपणच मोडला. लिहिलंय असं: दोन्ही विंगचं चिपिंग (टेरेसचा जुना थर फोडून काढणं) होऊन इंजिनिअरची सही झाल्यावर ४० टक्के. बी विंगला अजून छिन्नी लागलेली नाही.

वकील काका: मग अटच पुरी नाही. आपण देणं लागत नाही.

सचिन: म्हणजे मोडला त्यानंच. द्या दुसऱ्याला काम.

वकील काका: इथंच गोची आहे. रेट वाढवल्याशिवाय येणार नाही, हा सरळ नकार. कलम ३९ प्रमाणे आपण तिथंच करार संपवू शकत होतो. पण गेल्या आठवड्यात हाच नकार आला तेव्हा सेक्रेटरींनी लिहिलं, 'ठीक आहे, गणपतीनंतर बघू', वर अंगठा. आता तो म्हणणार, करार चालू ठेवलात, मुदतही वाढवून दिलीत.

सेक्रेटरी: अहो, माणूस सभ्यपणे उत्तर देतो! पुढच्या वर्षी तुम्हीच व्हा सेक्रेटरी.

वकील काका: रागावू नका हो. आज त्यानं परत नकार दिलाय, म्हणजे आपली वाट बंद नाही. लेखी नोटीस द्या. दहा दिवसांत जुन्या रेटनं या, नाहीतर करार संपला आणि दुसऱ्याला द्यावा लागणारा जादा खर्च तुमच्याकडून. आला तर काम घेतानाच लेखी कळवा की उशिराच्या भरपाईचा हक्क सोडलेला नाही. गप्प बसून काम घेतलं तर पुढं मागणं अवघड (कलम ५५). आणि वहिनी, फोटो, बिलं जपून ठेवा. नुकसान वाढू न देणं हेही आपल्याच अंगावर असतं, तेव्हा ताडपत्री आजच टाका.

खजिनदार: पाच टक्के वाढवून नवीन करार केला तर?

वकील काका: करता येईल. पण जुन्याच्या जागी नवा आला की जुन्यातली देणीघेणी संपली, दंडासकट. वेगळं लिहून घेतलं तरच दंड राहील.

सचिन: ३९ हजार सोडायचे?

बी-३०३: सोडा. काम होऊ दे.

सचिन: तुम्ही असंच म्हणणार.

शिंदे वहिनी: दंडाचं रविवारी भांडा. ताडपत्री कोण आणतंय?

सेक्रेटरी: मी आणतो गणपती पेठेतून. मीटिंग रविवारी ११ ला पार्किंगमध्ये, नोटिशीचा मसुदा काका आणतील. तोवर त्याच्या मेसेजला कुणी उत्तर देऊ नका.

शिंदे वहिनी: अंगठाही नको. आणि टेरेसची किल्ली बी विंगकडे आहे, ती वर पाठवा.