नवोदयची तयारी आणि मुलांचे शब्द : तुमचे अनुभव सांगा

मुलगी पाचवीत आहे, यंदा नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला बसणार. एकूण ८० प्रश्न, २ तास. बुद्धिमत्तेत ती रमते, गणितही जमतं. अडतं ते भाषेच्या २० प्रश्नांत, आणि त्यांना २५ गुण आहेत. सगळे प्रश्न उताऱ्यांवरचे.

मी आधी काय केलं ते सांगते. पुस्तकातून समानार्थी शब्द वहीत उतरवले, रोज २० पाठ करायचे. घडाघडा म्हणायची. मग सराव पेपरात वाक्य आलं, 'नदीच्या तीरावर एक कोळी राहत असे.' तिने 'बाण'चा गोल काळा केला, कारण वहीत तीर म्हणजे बाण असंच होतं. मी तिला रागावले, ते अजून मनाला लागून आहे. तुम्ही मुलांना शब्द कसे दिलेत? फसलेलंही लिहा.

जिल्हा परिषद शिक्षिका, यवतमाळ
ताई, माझी शाळा बंजारा तांड्यावर आहे. मुलं घरी गोरमाटी बोलतात, आईला याडी म्हणतात. 'यांना शब्दच येत नाहीत' असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. शब्द भरपूर येतात, पुस्तकातले येत नाहीत एवढंच. म्हणून भिंतीवर तीन रकान्यांचा कागद लावला : घरात काय म्हणतो, गावात काय म्हणतात, पुस्तकात काय छापतात. याडी, माय, माता. गावातलं वावर पुस्तकात शेत होतं, झुंजूमुंजू प्रभात होते. कागद मुलंच भरतात, मी फक्त शुद्धलेखन बघते.

उताऱ्यासाठी आमची एकच सवय आहे. विचारलेल्या शब्दावर बोट ठेवून तो झाकायचा, वाक्य मोठ्याने वाचायचं आणि मोकळ्या जागी आपला शब्द घालायचा. पर्याय त्यानंतर बघायचे. सुरुवातीला मुलं गप्प बसतात, कारण चुकायची भीती असते. आठ-दहा दिवस थांबा. माझा वर्ग दोन आठवड्यांत बोलायला लागला.

एक बाबा, बकिंगहॅमशर
आमच्याकडे इंग्लंडात ग्रामर स्कूलच्या, म्हणजे निवड करून प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळांच्या, प्रवेशासाठी इलेव्हन प्लस ही परीक्षा असते. सहावी इयत्ता सुरू होते न होते तोच, सप्टेंबरात परीक्षा. आम्ही इंग्रजी शब्दाला इंग्रजी अर्थ पाठ करून घेत होतो आणि लेक कंटाळली होती. सुट्टीत आजी आली. तिने 'रिलक्टंट'ला 'आढेवेढे घेणारा' म्हटलं, 'क्लम्झी'ला 'वेंधळा', 'ऑब्स्टिनेट'ला 'हेकट'. आजीच्या तोंडचे हे शब्द लेकीने रोज ऐकलेले, त्यामुळे एकेका शब्दामागे घरातलं कुणीतरी उभं राहिलं. (ऑब्स्टिनेट कोण, ते सांगत नाही.) परीक्षेसाठी मराठी बाजूला ठेवा, असा सल्ला आम्हाला मिळाला होता. तो ऐकून दोन वर्षं वाया घालवली याची खंत वाटते.

आजोबा, सातारा
नातवाला पाण्याचे चार शब्द दिले : जल, नीर, अंबु, वारि. पुढे 'ज' लावला की पाण्यात जन्मलेलं, म्हणजे कमळ. 'द' लावला की पाणी देणारा ढग. 'धी' लावला की पाणी साठवणारा समुद्र. जलज, जलद, जलधी. अंबुज, अंबुद, अंबुधी. चार शब्दांतून बारा त्याने स्वतः तयार केले. मग विचारतो, 'आजोबा, मग जलद गाडी म्हणजे?' तो जलद निराळा, हे वाक्यावरूनच कळतं. त्या दिवशी अभ्यास तिथेच थांबवला, पोरगं खुशीत होतं.

एक आई, परभणी
माझ्या मुलाची निवड झाली नाही. शेवटच्या महिन्यात मी नवे शब्द कोंबले आणि जुनेही डळमळले. तो महिना फक्त उतारे वाचायला ठेवा.

धागाकर्ती
काल शिक्षिकाताईंची बोटाची युक्ती करून पाहिली. 'सूर्याचे कर धरतीवर पसरले.' वहीत कर म्हणजे हात आहे. तिने बोट ठेवलं, दोनदा वाचलं आणि हळूच म्हणाली, 'ऊन? किरण?' तीन रकान्यांचा कागदही आज लावलाय. पहिला रकाना भरायला सासूबाई बसल्यात, आणि त्यातले निम्मे शब्द मलाच नवीन आहेत.