सल्ला हवा: बाबांना टीबीच्या गोळ्या सुरू, हिपॅटायटिस बी आधीपासून, यकृताच्या तपासणीत एसजीपीटी २६४. कुठल्या तपासण्या करू?

उत्तरेश्वरकर:
बाबांचं वय ५९, वजन ५२ किलो. फुफ्फुसाचा टीबी, सरकारी गोळ्या सुरू होऊन आज ३४ दिवस झाले. हिपॅटायटिस बी चार वर्षांपासून माहीत आहे, औषध कधी लागलं नव्हतं. गोळ्यांआधी एसजीपीटी ३८ होतं. परवापासून मळमळ, काल दोन उलट्या. आज इथं कोल्हापुरात राजारामपुरीत रक्त दिलं: एसजीपीटी २६४ (नॉर्मल ४० पर्यंत), अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त अडकलं की वाढतं ते) १३२ (१२० पर्यंत), बिलिरुबिन (काविळीचं) १.६. हे गोळ्यांमुळं की विषाणू उसळलाय, कसं ठरवतात? जवळ २,५०० रुपये आहेत, त्यात बसेल तेच सांगा.

शाहूपुरी_दादा:
भावा, पैशाकडं बघू नकोस. फुल बॉडी पॅकेज कर, सोबत फायब्रोस्कॅन, यकृत किती कडक झालंय ते कळतं. मी गेल्या वर्षी केलं, सगळं एकाच फाईलमध्ये आलं. आणि लिव्हरचा डॉक्टर पुण्यातलाच बघ.

कसबा_बावडा:
लघवी लाल-केशरी होतीय का? माझ्या मामांची झाली होती, आम्ही कावीळ समजून रात्रभर जागलो. तो रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाचा रंग निघाला. डोळे पिवळे झालेत का ते उजेडात बघा.

मंगळवारपेठ_ताई:
पांढऱ्या काविळीवर आमच्या गावाकडं माळ घालतात. माझ्या दिराला गुण आला. सोबत गुळवेलीचा काढा.

औषधवाला_लक्ष्मीपुरी:
ताई, राग मानू नका, पण काढा आत्ता नको. गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये लिहिलं होतं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, तो वाद वेगळा. इथं आधीच दोन संशयित आहेत, तिसरा कशाला?
उत्तरेश्वरकर, बावीस वर्षं काउंटरवर आहे, म्हणून कळकळीनं लिहितोय. एसजीपीटी नॉर्मलच्या तिपटीवर आणि सोबत उलट्या, किंवा त्रास नसताना पाचपट, म्हणजे टीबीच्या गोळ्या थांबवायची पातळी. बाबांचं साडेसहापट आहे. उद्याची गोळी पोटात जायच्या आधी डॉक्टरांना दाखवा.
आता तुमचा प्रश्न. एसजीपीटी नॉर्मलच्या किती पट (६.६), त्याला अल्कलाइन फॉस्फेटेज किती पट (१.१) यानं भागा. ६ येतं. ५ किंवा वर म्हणजे मार यकृताच्या पेशींना, २ किंवा खाली म्हणजे पित्त अडकलंय. पण यावरून गोळी की विषाणू ते कळत नाही, दोघंही पेशींनाच मारतात. ते कळतं हिपॅटायटिस बी च्या व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्यावरून. तो चढलेला असेल तर विषाणूवर संशय. शिवाय हिपॅटायटिस ए आणि ई चे आयजीएम, म्हणजे त्यांची नुकती लागण झाली का ते कळतं.

शाहूपुरी_दादा:
म्हणजे पॅकेजच झालं की.

औषधवाला_लक्ष्मीपुरी:
नाही हो. साध्या पॅकेजमध्ये व्हायरल लोड नसतो.

पंचगंगाकाठ:
ई वरून आठवलं. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या गल्लीत घरटी एक कावीळ होती. पाणी उकळून प्या. आणि तांबडा रस्सा पूर्ण बंद करा.

कसबा_बावडा:
रश्श्यानं कावीळ होत नाही. माझ्या मामांना नुसतं उकडलेलं घालून घालून सहा किलो उतरवलं आम्ही, टीबीचा माणूस आधीच वाळलेला असतो. पचेल ते खाऊ द्या. डोळे बघितले का?

जवाहरनगर_७२:
टीबीच्या औषधांत पायराझिनामाइड सगळ्यात वाईट. तेवढी बंद करा, बाकी चालू ठेवा. आमच्यात तसंच केलं.

औषधवाला_लक्ष्मीपुरी:
कृपा करून असं सांगू नका. सरकारी गोळीत चारही औषधं एकत्र असतात, एक काढताच येत नाही. थांबवायचं ते डॉक्टरांनी, आणि एसजीपीटी दुपटीच्या खाली आलं की एकेक करून परत सुरू करायचं तेही त्यांनीच. बरेचदा पायराझिनामाइड वगळतात, हे खरं. अजून एक राहिलं: यकृताला इजा औषधानंच झाली का, याचे गुण द्यायची रुकाम नावाची पद्धत १९९३ पासून आहे. तिच्यात औषध थांबवल्यावर ८ दिवसांत वाढ निम्म्यानं उतरली तर चांगले गुण मिळतात. म्हणून थांबवलेली तारीख लिहून ठेवा. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) सांगतील तर टाळू नका. बिलिरुबिन नॉर्मलच्या दुपटीवर गेलं तर तासभरही घरी थांबू नका.

मंगळवारपेठ_ताई:
व्हायरल लोड फुकट होतो ना? केंद्राचा हिपॅटायटिस कार्यक्रम २०१८ ला सुरू झाला, दिराचा त्यातच झाला होता. चौकशी करा, पैसे वाचतील.

शाहूपुरी_दादा:
फुकटच्या नादात वेळ जातो. पुण्याला जा.

उत्तरेश्वरकर:
सगळ्यांचे आभार. डोळे पिवळे नव्हते. पुण्याला नेलं नाही, पॅकेज केलं नाही, माळही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गोळ्या पिशवीत भरून बाबांना सीपीआरला, इथल्या सरकारी दवाखान्यात नेलं. पिशवीत गुडघ्याच्या दुखण्याची आयुर्वेदिक पावडरही निघाली, बाबा दोन महिने गुपचूप घेत होते. डॉक्टरांनी ती आणि टीबीच्या गोळ्या दोन्ही थांबवल्या. ए आणि ई निगेटिव्ह. व्हायरल लोडचं रक्त तिथंच घेतलं. आज सातवा दिवस, एसजीपीटी ११८. पण पावडरही त्याच दिवशी बंद झाली, त्यामुळं गोळ्यांनी की पावडरीनं हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. लोडचा रिपोर्ट मंगळवारी, तोवर थांबायचं.

कसबा_बावडा:
पावडरीचा डबा फेकू नका. डॉक्टर मागतील.