इआरपीनेक्स्ट: बॅकअप रोज निघतो, पण काटा पावत्यांचे फोटो त्यात आहेत का?

पराटी२२
जिनिंगच्या ऑफिसात उबुंटूच्या मशीनवर इआरपीनेक्स्ट १५ (खरेदी-बिलं-हिशोबाचं सॉफ्टवेअर) आहे. मोसमात दिवसाला १२० गाड्या, प्रत्येक खरेदी बिलाला काटा पावती, सातबारा आणि पासबुक असे तीन फोटो. क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप आज्ञा चालवणारी सोय) रोज रात्री बॅकअप निघतो. पण ती फाइल जेमतेम ९० एमबीची आणि फोटोंचं फोल्डर ३८ जीबीचं! गावात नेटचा अपलोड २ एमबीपीएसच्या वर जात नाही. काय करावं?

सरकी_पेंड
भाऊ, बेंच म्हणजे इआरपीनेक्स्ट सांभाळायचं आज्ञांचं साधन. नुसती 'बेंच बॅकअप' आज्ञा दिली की फक्त डेटाबेस निघतो. त्यात फोटो नसतो, फोटोचा पत्ता असतो. ते ९० एमबी दुसऱ्या मशीनवर चढवले तर बिलं दिसतील, अटॅचमेंटची नावंही दिसतील, क्लिक केलं की मात्र काही नाही.

फोटो साइटच्या फोल्डरात 'पब्लिक/फाइल्स' आणि 'प्रायव्हेट/फाइल्स' अशा दोन जागी असतात. (सातबारा-पासबुक प्रायव्हेटमध्येच ठेवा. पब्लिकमधली फाइल लिंक हाती लागली की लॉगिनशिवाय उघडते.) आज्ञेपुढे 'विथ-फाइल्स' लावलं की दोन्हींच्या टार फाइली (सगळ्या फाइली एकत्र बांधलेलं गाठोडं) निघतात. सोबत साइट कॉन्फिगची (साइटच्या सेटिंग्जच्या फाइलची) छोटी प्रत येते, तीही जपा. एन्क्रिप्शनची किल्ली तिच्यात असते. ती हरवली तर ईमेल खात्यांचे साठवलेले पासवर्ड नव्या मशीनवर उघडत नाहीत.

रात्रपाळी
३८ जीबीवर 'विथ-फाइल्स' रोज चालवू नका. टार दर वेळी सगळं नव्याने बांधतो आणि ठेवतो त्याच डिस्कवर, 'प्रायव्हेट/बॅकअप्स'मध्ये. डिस्क भरली की मारियाडीबीला (इआरपीनेक्स्टच्या डेटाबेसला) लिहायला जागा उरत नाही, आणि काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असताना बिल सेव्ह होईनासं होतं.

रोज डेटाबेसचा बॅकअप घ्या आणि फाइल्सची दोन्ही फोल्डरं बाहेरच्या हार्ड डिस्कवर आर-सिंकने (फक्त नवं-बदललेलं कॉपी करणारी आज्ञा) उतरवा. पहिल्या दिवशी वेळ लागेल, नंतर फक्त नवे फोटो जातील. क्रम मात्र आधी डेटाबेस, मग फाइल्स. उलटं केलं तर मधल्या वेळात जोडलेल्या फोटोची नोंद बॅकअपमध्ये येते, फोटो येत नाही. आर-सिंकला 'डिलीट' पर्याय लावू नका, नाहीतर इकडे चुकून पुसलेलं रात्री तिकडेही पुसलं जाईल.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट: बाहेरची डिस्क माउंटच (मशीनला जोडून फोल्डर म्हणून उघडलेली) झालेली नसली तरी आर-सिंक थांबत नाही. तो त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे मशीनच्याच डिस्कवर, लिहीत बसतो. बॅकअपच्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'माउंटपॉइंट' आज्ञेने तपासा. डिस्क नसेल तर तिथेच बाहेर पडा. डिस्क एक्स्ट४ या लिनक्सच्या प्रकारात फॉरमॅट करून घ्या. फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही.

रात्री लाइन गेली तर क्रॉन तो फेरा सोडून देतो, मागाहून भरून काढत नाही. त्याऐवजी सिस्टमडी टायमर (उबुंटूतलीच वेळापत्रकाची दुसरी सोय) वापरून त्याला 'पर्सिस्टंट' लावलं तर मशीन सुरू होताच राहिलेला बॅकअप चालतो. कॉम्प्रेस केलेली डेटाबेस फाइल 'जीझिप -टी' आज्ञेने तपासा, अर्धवट असेल तर लगेच कळतं.

सरकी_पेंड
नेटचा हिशोब: ३ एमबीचा फोटो धरला तर ३६० फोटो म्हणजे दिवसाला १ जीबीच्या वर. २ एमबीपीएसवर साधारण सव्वा तास, रात्रीतून जमेल. ३८ जीबी मात्र ४२ तास खातील. ती पहिली प्रत हार्ड डिस्कवरूनच तालुक्याच्या चांगल्या नेटवर नेऊन चढवा. आणि अपलोड करताना 'ऑप्टिमाइझ'ची खूण करून पाहा, फोटो बराच लहान होतो. फक्त सातबाऱ्यावरचं बारीक अक्षर वाचता येतं का, ते आधी झूम करून बघा.

पराटी२२
सगळं आलं, हे तपासायचं कसं? आकडे जुळवू?

रात्रपाळी
आकडे नाही, याद्या जुळवा. डेटाबेसमधल्या फाइल टेबलमधून (अटॅचमेंटच्या नोंदींचा तक्ता) फोल्डर आणि 'एचटीटीपी'ने सुरू होणाऱ्या बाहेरच्या लिंक वगळा, उरलेले पत्ते एकदाच येतील असे काढा. तोच फोटो दोन बिलांना जोडला तर नोंदी दोन, डिस्कवर फाइल एकच, म्हणून नुसत्या मोजणीला अर्थ नाही. ती यादी हार्ड डिस्कवरच्या नावांशी ताडा.

पराटी२२
ताडली. १२,६४० पैकी १६ नावं हार्ड डिस्कवर नाहीत. सगळी प्रायव्हेटमधली.

रात्रपाळी
मूळ मशीनवर आहेत का बघा. असतील तर आर-सिंकच्या लॉगमध्ये परवानगीची चूक आहे का बघा. आर-सिंक बेंचच्याच यूजरने चालवा. तिथेही नसतील तर कोणीतरी फोल्डरात शिरून हाताने पुसलेत, आणि इआरपीनेक्स्टला त्याचा पत्ता नाही. बिल नंबर काढा, कागदी पावत्यांची फाइल उघडा, पुन्हा फोटो काढून जोडा.