मदत हवी आहे: अण्णांच्या पोटासाठी चाललेले अर्क-काढे आणि सोबत बीपीची गोळी

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसती वाचत आले, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, 67 वर्षांचे. गाव औसा तालुक्यात. शेती आता दादा बघतो, पण सकाळी रानात चक्कर मारल्याशिवाय अण्णांना चहा गोड लागत नाही. मी पुण्यात असते. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या रानातल्या सणाला, गावाकडं गेले होते. कडब्याची कोप, पूजा, भज्जी, उंडे, माठातली अंबील, सगळं दरवर्षीसारखं. फक्त अण्णांनी दोन घास खाऊन पान बाजूला सारलं. "पोट फुगायलंय गं, जाईना खाली," म्हणाले. अंबील हा माणूस तांब्यानं पितो, म्हणून मला खटकलं. मग त्यांनी चप्पल काढली, तर पट्ट्याचा वळ पायावर उमटलेला. मी अंगठ्यानं दाबून बघितलं तर खळगा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला.

घरी येऊन कोनाडा तपासला. ओव्याचा अर्क होता, तो ते वर्षानुवर्षं घेतात, जेवणानंतर चमचाभर. पुदिन्याचे थेंब, रात्री झोपताना पाण्यातून. पोट साफ व्हायचं एक चूर्ण, तेही रात्री. आणि एक तपकिरी बाटली, "पाचक काढा". आठवडी बाजारात माईक लावून विकणाऱ्या गाडीवरून दिवाळीच्या सुमारापासून बाटल्या आणताहेत. दोन टोपणं, दिवसातून तीन वेळा. टोपण 10 मिलीचं आहे, मी सिरिंजनं मोजलं.

बीपीची गोळी पाच वर्षांपासून चालू आहे, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली. बीपी कायम 130 च्या आसपास असायचं. आता 168/96 निघालं. डॉक्टर म्हणाले, डोस वाढवू. पण काढ्याचं अण्णांनी त्यांना सांगितलंच नाही. का, तर "ते काय औषध हाय का? झाडपाला हाय."

मला विचारायचंय ते एवढंच: यातलं नक्की कशानं फायदा होतो, काय बंद करावं, आणि बीपी वाढण्याशी याचा काही संबंध असू शकतो का? तक्रारी म्हणजे पोट फुगणं, रात्री आंबट पाणी घशाशी येणं, शौचाला कडक. शिवाय गेला महिनाभर पाय गळून जातात म्हणतात.

काढ्याच्या लेबलवर 10 मिलीमागे असं लिहिलंय: यष्टीमधु घन 500 मि.ग्रॅ., स्वर्णपत्री 200 मि.ग्रॅ., शुंठी, मिश्रेया, यवानी प्रत्येकी 50 मि.ग्रॅ. चूर्णाच्या डबीवर हरीतकी, स्वर्णपत्री, सैंधव.

हुरडा_पार्टी

ओवा अर्क म्हणजे आमच्या आजीचा दवाखाना. ती अमृतधारा घरी करायची. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि भीमसेनी कापूर, तिन्ही खडे कोरडे. बाटलीत घालून हलवायचे आणि उन्हात ठेवायचे. पाण्याचा थेंब न घालता बघता बघता सगळं वितळून तेलासारखं व्हायचं. लहानपणी आम्हाला ती जादूच वाटायची. पोटात दुखलं की बत्ताशावर दोन थेंब. ताई, ओवा बंद करू नका, बाकीचं जाणकार सांगतील.

गोळीवाली

मी नांदेडला औषध दुकानात फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. तरी धागा वाचून राहवलं नाही. ताई, आधी हे करा: उद्याच्या उद्या अण्णांचं सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासून घ्या आणि एक ईसीजी काढा. काढा आणि चूर्ण आजपासून बंद. बीपीची गोळी मात्र मनानं बंद करू नका, बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा.

आता कारण सांगते. यष्टीमधु म्हणजे ज्येष्ठमध. काही बाटल्यांवर तेच ग्लिसिरायझा ग्लाब्रा असं लिहिलेलं असतं, म्हणून ओळखू येत नाही. स्वर्णपत्री म्हणजे सोनामुखी. यवानी म्हणजे आपला ओवा, मिश्रेया म्हणजे बडीशेप.

ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन नावाचा गोड पदार्थ असतो. आपल्या शरीरातलं कॉर्टिसॉल मूत्रपिंडात पोचलं की तिथलं एक एन्झाइम त्याला निकामी करतं. ग्लिसिरायझिन त्या एन्झाइमलाच अडवतं. मग कॉर्टिसॉल मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. पायावर सूज, बीपी वर, अंगात त्राण नाही. तुमचं वर्णन वाचून मला याचीच आठवण झाली.

त्यात अण्णांच्या गोळीतलं क्लोरथॅलिडोनही पोटॅशियम बाहेर टाकतं. सोनामुखी रोज घेतली तर जुलाबावाटे आणखी जातं, आणि ती काढ्यात आहे, चूर्णातही आहे. म्हणजे एकाच हौदाला तीन भोकं. पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून ईसीजीचा आग्रह.

हिशोब करून बघा. दिवसाला 60 मिली म्हणजे 3 ग्रॅम घन. घन म्हणजे काढा आटवून कोरडा केलेला अर्क. तो किती मुळीपासून काढला हे लेबलवर नाही. पाच किलोला एक किलो धरलं तर 15 ग्रॅम मुळी झाली. मुळीत ग्लिसिरायझिन 4 टक्के धरलं तर 600 मिलिग्रॅम. निम्मंच उतरलं असं समजू, तरी 300. युरोपातल्या तज्ज्ञ समितीनं दिवसाची मर्यादा 100 मिलिग्रॅम सुचवलीय. आणि अण्णा हे दोन महिने घेताहेत.

निसर्ग_माझा_गुरू

आयुर्वेदाला बदनाम करायचा हा जुनाच धंदा आहे. ज्येष्ठमध हजारो वर्षं वापरात आहे. वनस्पतीचे साईड इफेक्ट नसतात. बीपीची गोळीच आधी बंद करा, आपोआप सगळं जागेवर येईल.

पारावरचा_वैद्य

वरच्या सद्गृहस्थांचं कृपा करून ऐकू नका. मी बीएएमएस, परभणी जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. वनस्पतीला गुण आहे तर दोषही असणारच. ज्याचा काही परिणाम नाही त्याचा उपयोगही नाही.

ज्येष्ठमध वाईट नाही, अम्लपित्तात मी स्वतः देतो. पण चूर्ण दोन-तीन ग्रॅम, थोडे दिवस, आणि बीपीचा किंवा सूज असलेला रुग्ण नसेल तर. ग्लिसिरायझिन काढून टाकलेलं ज्येष्ठमधही मिळतं. काढ्याच्या गाडीवर ते नसतं हे सांगायला नको.

लोक सगळ्यालाच अर्क म्हणतात तिथं गफलत होते. ओव्याचा अर्क हा भट्टीवर वाफ धरून काढलेला. वाफेबरोबर उडणारंच त्यात येतं, ओव्यातलं थायमॉल, बडीशेपेतलं अ‍ॅनेथॉल. जे उडत नाही ते भांड्यातच राहतं. म्हणून ज्येष्ठमधाचा असा वाफेचा अर्क काढला तर ग्लिसिरायझिन त्यात जवळपास येणारच नाही, पण त्याच मुळीचा काढा आटवून घन केला तर ते सगळं एकवटतं. आसव-अरिष्ट ही तिसरी तऱ्हा, त्यात आंबून तयार झालेला अल्कोहोल असतो. एक चमचा चूर्ण आणि एक चमचा घन यांची तुलनाच होत नाही.

आता अण्णांच्या तक्रारी. या तीन वेगळ्या आहेत, एकाच बाटलीनं मिटायच्या नाहीत. फुगण्यासाठी ओवा राहू द्या. हिंग्वाष्टक चूर्ण पहिल्या घासाला तुपातून चिमूटभर चालेल. त्यात सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, जिरे, शहाजिरे, हिंग असतं आणि सैंधवही. सैंधव म्हणजे मीठच, तेव्हा हे चूर्ण बीपी खाली आल्यावरच सुरू करा. शौचासाठी सोनामुखी कधीमधी ठीक, रोज नाही. त्याऐवजी इसबगोल, पण मोठा पेलाभर पाण्यातून आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब. कमी पाण्यात घेतलं तर घशात अडकतं.

पुदिना मात्र घशाशी येणाऱ्या माणसाला रात्री देऊ नका. तो आतड्याचे स्नायू सैल करतो, म्हणून मुरड्याला बरा. पण अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडपही सैल करतो आणि आंबट पाणी वर चढतं. पुदिन्याच्या तेलाच्या ज्या कॅप्सूल मिळतात त्यांना म्हणूनच जठरात न विरघळणारं आवरण असतं.

साठीनंतर अशी तक्रार नव्यानं सुरू झाली तर दुर्बिणीनं तपासणी करून घ्यावी. वजन उतरलं, घास अडकायला लागला, शौच डांबरासारखी काळी झाली, तर एक दिवसही थांबू नये. वैद्याचाच सल्ला हवा असेल तर धाराशिवला आणि नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयं आहेत, तिथं ओपीडीत दाखवा. बाजारातल्या माईकवाल्याला नाडी कळत नाही.

हुरडा_पार्टी

वैद्यबुवा, मग अमृतधारा? माझ्या भावाचं लेकरू दोन वर्षांचं आहे, त्याला आई देते कधीकधी.

पारावरचा_वैद्य

लेकराला अजिबात नको. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात. बाटली हाताला लागणार नाही अशी ठेवा. जमलं तर घरातूनच काढा.

अर्धी_भाकर

अंबाजोगाईहून लिहितोय. औषधाचं मला कळत नाही, पण ताई, अण्णा रात्री किती वाजता जेवतात? आमच्या आबांचं अगदी हेच होतं. नऊ-साडेनऊला भाकरी, ठेचा, वर येसर आमटी, आणि बातम्या संपल्या की लगेच आडवं. आम्ही जेवण साडेसातवर आणलं आणि पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा घातल्या. उशा नाही हां, विटा. उशीनं नुसती मान वाकते. पंधरा दिवसांत आंबट ढेकर निम्म्यानं कमी. तंबाखू खात असतील तर ती पण बघा, तिनंही झडप ढिली पडते.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. गोळीवाली ताई, तुमचा प्रतिसाद वाचून रात्रीच दादाला फोन केला. तो सकाळी अण्णांना लातूरला घेऊन गेला. पोटॅशियम 2.9 आलं, म्हणजे बरंच कमी. डॉक्टरांनी बाटली हातात घेतली, लेबल वाचलं आणि दादाला विचारलं, "हे किती दिवस?" मग ईसीजी, एक दिवस दवाखान्यात मुक्काम, पोटॅशियमचं औषध, आणि गोळी बदलून नुसती टेल्मिसार्टन. डोस वाढवायचा विचार तूर्त रद्द.

अर्धी_भाकर दादा, तंबाखू आहे, चुन्यासकट. विटा घातल्या. आई म्हणते, अण्णा घसरत घसरत खाली येतात.

गोळीवाली

2.9 म्हणजे वेळेवर गेलात. आता धीर धरा. ज्येष्ठमध बंद केलं तरी त्याचा परिणाम उतरायला काही आठवडे लागू शकतात. आठवड्यानं पुन्हा पोटॅशियम तपासा, कारण टेल्मिसार्टन ते थोडं वाढवतं आणि वरून औषधही चालू आहे. जास्त झालं तरी तेवढंच वाईट.

मांजराकाठ

तीन आठवड्यांनी लिहितेय. पोटॅशियम 4.2, बीपी 136/84, पायाची सूज गेली. दुर्बिणीची तपासणी झाली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज आहे आणि झडप ढिली आहे, बाकी भिण्यासारखं काही नाही. सहा आठवड्यांची गोळी दिलीय, सकाळी उपाशीपोटी. पुदिना बंद, इसबगोल चालू. ओव्याच्या अर्काला डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, त्यामुळे अण्णा खूश. तंबाखू अर्ध्यावर आलीय असं ते म्हणतात, आईचं मत वेगळं आहे.

एक गंमत सांगते. काढ्याची एक बाटली सीलबंद राहिली होती. काल शेजारचे तात्या ती मागायला आले, फुकट जाण्यापेक्षा मला द्या म्हणून. अण्णांनी बाटली हातात धरून ठेवली आणि विचारलं, "बीपीची गोळी खातोस का रं?"

तात्या म्हणाले, "दोन खातो."