गिटारचा बार कॉर्ड : एफ वाजतच नाही

कोथरूडकर : ओपन कॉर्ड (काही तारा मोकळ्या सोडून वाजवायचे) जमतात. तर्जनी सगळ्या तारांवर आडवी टाकून एफ धरला की खालच्या दोन तारा नुसत्या थडथडतात. शेजारच्या काकू विचारतात, "सुतारकाम काढलंय का रे?" काय करू?

पेठेतला : पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या) सुरुवातच करू नका, तिथे तार दाबायला सगळ्यात जड. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरा, ए मेजर वाजेल. तिसऱ्यावर जी, आठव्यावर सी. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर जो सूर, तेच कॉर्डचं नाव. तर्जनी सपाट नको, अंगठ्याच्या बाजूला किंचित कलती ठेवा.

कोथरूडकर : अंगठा फार दुखतो पण.

डेक्कनवाला : चिमटा काढताय म्हणून. हाताचं वजन वापरा, कोपर जरा मागे ओढा. तरीही पहिल्याच फ्रेटवर अडलं तर नट (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) उंच असेल, दुरुस्तीवाल्याला दाखवा.

पेठेतला : आणि कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून पळ काढायचा नाही!