फानफानी सरकार (1954): 260 मतं असूनही का पडलं?

घणसोलीकर: रविवारी वाशीतल्या अभ्यासवर्गात युद्धोत्तर इटलीवर बोलायचंय. ख्रिश्चन डेमोक्रॅट सर्वांत मोठा पक्ष, तरी अमिन्तोरे फानफानींचं सरकार काही दिवसांतच गेलं. 590 च्या सभागृहात बहुमताला 296 हवेत, ते नव्हते म्हणून पडलं, असं सांगितलं तर चालेल? आणि ते टिकलं 12 दिवस की 23? दोन्ही आकडे वाचनात आलेत.

पाचपाखाडी: 296 वर भर देऊ नका, तिथेच गफलत होते. इटलीत विश्वासदर्शक ठरावाला एकूण सदस्यांचं बहुमत लागत नाही, विरोधापेक्षा बाजूची मतं जास्त असली की झालं. कनिष्ठ सभागृहात तटस्थांची मतं त्यात धरत नाहीत. फानफानींना 260 मिळाली, विरोधात 303 पडली. आता 1976 बघा. पंतप्रधान आंद्रेओत्तींच्या एकपक्षीय (ख्रिश्चन डेमोक्रॅट) सरकारला 630 च्या सभागृहात बाजूने 258 च, पण विरोधात फक्त 44, कारण बेर्लिंग्वेर यांच्या कम्युनिस्टांसह 303 जण तटस्थ राहिले. ते सरकार 1978 पर्यंत चाललं. अल्पमतातलं सरकार तटस्थांच्या जिवावर जगतं, आणि फानफानींना ते पुरेसे मिळालेच नाहीत.

खाडीपलीकडे: का मिळाले नाहीत, ते 1953 च्या निवडणुकीच्या निकालात आहे. निम्म्याहून जास्त मतं मिळवणाऱ्या आघाडीला 65 टक्के जागा देणारा कायदा ख्रिश्चन डेमोक्रॅटांनी आणला होता, पण त्यांची आघाडी 49.8 टक्क्यांवर अडकली. ख्रिश्चन डेमोक्रॅटांच्या पदरी 263 जागा. कम्युनिस्ट 143, समाजवादी 75, राजेशाहीवादी 40, नवफॅसिस्ट 29, म्हणजे दोन्ही टोकांचे मिळून 287. त्यात सारागात यांचे 19 सोशल डेमोक्रॅटही विरोधात गेले. मित्रपक्षाला सोबत न घेता एकट्याने सरकार बनवणं इथे नडलं. त्यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या शेल्बांनी सोशल डेमोक्रॅट आणि लिबरल (13) मंत्रिमंडळात घेतले, रिपब्लिकनांचा (5) बाहेरून पाठिंबा मिळवला, बेरीज थेट 300!

पाचपाखाडी: एक राहिलं. सिनेटमध्ये तेव्हा तटस्थ मत विरोधातच मोजलं जायचं. म्हणून सरकार वाचवायचं असेल तर तिथले सदस्य मतदानाच्या वेळी सभागृहाबाहेर जायचे. मतदान नाव पुकारून होतं, त्यामुळे कोण कुठे होतं ते लपत नाही.

खाडीपलीकडे: दिवसांचं म्हणाल तर दोन्ही आकडे बरोबर, पण गोष्टी वेगळ्या. शपथ 18 जानेवारीला, पराभव 30 जानेवारीला, म्हणून 12. शेल्बांनी शपथ घेतली 10 फेब्रुवारीला, तोवर फानफानी काळजीवाहू, म्हणून 23. आपल्याकडे 1996 ला वाजपेयींनी मतदानाआधीच राजीनामा दिला होता, फानफानींची प्रत्यक्ष मतदानात हार झाली. तुलना करणार असाल तर हा फरक नक्की सांगा. इटलीच्या राज्यघटनेचं कलम 94 सुद्धा द्या: सरकार बनल्यापासून दहा दिवसांत दोन्ही सभागृहांपुढे विश्वास मागायला जावंच लागतं, राष्ट्रपतींनी मुदत ठरवून देण्याचा प्रश्नच येत नाही.